ट्रॅव्हल ट्रेलर सोडून फिफ्थ व्हील घेताय? आधी ट्रकचं दार उघडा

आमच्या घरात फिफ्थ व्हील, म्हणजे नाक पिकअप ट्रकच्या हौद्यावर टेकवून ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलं ते एका वादळी दुपारी. शिकागोहून साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कला निघालो होतो. इंटरस्टेट ९० वर साउथ डकोटात शिरलो आणि डावीकडून वारा सुरू झाला. मागचा २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे बंपरमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, शेपटीसारखा वळवळायला लागला. शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर आधी एका बाजूला ढकलला जायचा, मग दुसऱ्या बाजूला खेचला जायचा. चेंबरलेनला मिसुरी नदीचा पूल ओलांडेपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. वाऱ्यापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

परत आल्यावर एका विक्रेत्याकडे गेलो. त्याने माझ्या हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपांतल्या सर्वांत हलक्या वर्गातल्या, ट्रककडे पाहिलं आणि म्हणाला, ‘हा तर आरामात ओढेल.’ तो खोटं बोलत नव्हता. माझ्या ट्रकची ओढण्याची क्षमता कागदावर ११,३०० पाउंड होती आणि दाखवलेला ट्रेलर पूर्ण भरून १०,५०० चा होता. फक्त फिफ्थ व्हीलच्या बाबतीत ‘ओढेल का’ हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न ‘पेलेल का’, आणि तो विक्रेता स्वतःहून काढत नाही.

वजन कुठे बसतं

गावाकडे बैलगाडी भरताना म्हातारी माणसं काय बघायची ते आठवा. मागे जास्त भार झाला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाला तर सगळं ओझं मानेवर येतं. ट्रॅव्हल ट्रेलरचं गणित हेच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जिभेवर, म्हणजे हिचच्या (ट्रकला ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यावर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर डोलतो. हा गोळा ट्रकच्या बंपरमागे, मागच्या अ‍ॅक्सलपासून चार-पाच फूट लांब असतो. त्यामुळे ट्रेलरने जरा कूस बदलली की ट्रकच्या शेपटीला तो तरफेसारखा फिरवतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (जिभेचा भार पुढच्या अ‍ॅक्सलवरही वाटणारी) आणि डोलणं रोखणाऱ्या पट्ट्या लावून आपण ते आवरतो, पण मूळ जागा बदलत नाही.

फिफ्थ व्हीलमध्ये जागाच बदलते. ट्रेलरचं नाक ट्रकच्या हौद्यावर येतं. त्याखालची दोन इंच जाडीची किंगपिन हौद्यातल्या हिचच्या जबड्यात बसते, आणि ती जागा मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते. ट्रेलरला ट्रकची शेपटी फिरवायला तरफच उरत नाही. न्हावाशेवाकडून कंटेनर घेऊन येणारे लांब ट्रेलर पाहिले असतील, तर ही जोडणी तुम्ही पाहिलेलीच आहे. नाव घोडागाड्यांच्या काळातलं आहे. पुढची चाकं वळावीत म्हणून त्यांच्यावर एक आडवी चकती असायची, तिला पाचवं चाक म्हणत. १९२० च्या दशकात विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसने ‘एरोकार’ नावाचा राहण्याजोगा ट्रेलर काढला, त्यातही ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर बसणारी जोडणी होती.

या स्थैर्याची किंमत वजनात मोजावी लागते. जिभेवर १० ते १५ टक्के यायचे, पिनवर १५ ते २५ टक्के येतात. भरलेल्या ट्रेलरसाठी मी २२ टक्के धरून चालतो.

आता दार उघडा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी असलेला पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून या आकड्याच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा तुमच्या ट्रकचा पेलोड, आणि तो ठरावीक तुमच्या ट्रकचा असतो. माहितीपत्रकातला आकडा सगळ्यात हलक्या, चैनीच्या वस्तू नसलेल्या ट्रकचा असतो. सनरूफ, चामड्याच्या सीटा, फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल इंजिन हे सगळं त्यातून वजा होत जातं.

माझ्या जुन्या ट्रकचा आकडा होता १,६४० पाउंड. ट्रॅव्हल ट्रेलर भरून ६,४०० चा, त्याच्या १३ टक्के म्हणजे जिभेवर सुमारे ८३०. हिच ९०. आम्ही चौघं ५६०. सटरफटर १००. बेरीज १,५८०. म्हणजे ६० पाउंड शिल्लक. पुण्याहून आलेल्या बाबांना पुढच्या सीटवर बसवलं की नियम मोडला.

विक्रेत्याच्या फिफ्थ व्हीलचा हिशोब असा. काठोकाठ न भरता १०,००० धरला तर पिनवर २,२००. हिच १५०. आम्ही ५६०. सटरफटर १००. एकूण ३,०१०. समोर १,६४०. ‘हाफ-टनने ओढता येईल’ अशी पाटी त्या ट्रेलरवर मोठ्या अक्षरांत लावलेली होती.

माहितीपत्रकात पिन वेट, म्हणजे पिनवर येणारा भार, १,५५० दिलं होतं. तो आकडा कोरड्या ट्रेलरचा असतो, म्हणजे पाणी नाही, बॅटरी नाही, भांडी नाहीत. फिफ्थ व्हीलमध्ये गॅसचे सिलिंडर, बॅटरी, कपड्यांचं कपाट आणि खालचं मोठं सामानघर हे बहुतेक सगळं नाकाच्या बाजूला असतं, त्यामुळे तुम्ही भरलेल्या सामानाचा मोठा वाटा पिनवरच येतो. कोरडा आकडा वाचा आणि विसरा. ट्रेलरच्या कमाल वजनाचे २२ टक्के काढा, तोच तुमचा आकडा.

ज्या ट्रकचं कमाल वजन १०,००० पाउंडांच्या वर आहे त्यावर हा पिवळा स्टिकर असेलच असं नाही. तिथे सरळ उपाय म्हणजे टाकी भरून ट्रक वजनकाट्यावर न्या आणि आलेलं वजन दारावरच्या कमाल वजनातून वजा करा.

मग ट्रक कोणता

बहुतेकांना इथे ट्रकही बदलावा लागतो. ते मान्य करून टाकलं की पुढचे निर्णय सोपे होतात. तीन-चतुर्थांश टन वर्गातला, म्हणजे फोर्डच्या एफ-२५० किंवा इतर कंपन्यांच्या २५०० मालिकेतला डिझेल ट्रक रुबाबदार असतो, पण जड डिझेल इंजिन पेलोड खातं. तोच ट्रक पेट्रोलचा घेतला तर पेलोड बराच जास्त मिळतो. आम्ही शेवटी एक-टन वर्गातला, मागे दोनच चाकं असलेला, पेट्रोलचा ट्रक घेतला. घाटात तो ओरडतो. ओरडू दे.

मागे चार चाकं असलेली ‘ड्यूली’ १५,००० पाउंडांच्या वरच्या ट्रेलरसाठी खरोखर लागते. त्याखाली ती रोजच्या पार्किंगमध्ये डोकेदुखी ठरते. साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कमधला नीडल्स आयचा बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे, ड्यूलीचे नितंबही तेवढेच. ट्रेलर कॅम्पवर ठेवून फिरायला निघालात तरी तिथून परत फिरावं लागेल.

परवान्याचंही आत्ताच बघून घ्या, कारण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १०,००० ते १५,००० पाउंडांच्या फिफ्थ व्हीलसाठी साध्या परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते आणि त्याच्या वर गेलात तर बिगर-व्यावसायिक क्लास ए परवाना लागतो.

हौदा किती लांब

ट्रेलर आठ फूट रुंद असतो. काटकोनात वळला की पिनपासून केबिनच्या दिशेने त्याची अर्धी रुंदी, म्हणजे चार फूट, पुढे येते. साडेसहा फुटी हौद्यात पिनपासून केबिनपर्यंतचं अंतर साधारण साडेतीन-पावणेचार फूट भरतं. उरलेलं काम मागची काच करते. आठ फुटी हौद्यात ही चिंता जवळपास नसते, साडेपाच फुटीत मात्र ती पाठ सोडत नाही.

आखूड हौद्यावर उपाय तीन. पहिला, नाकाचे कोपरे कापून आत घेतलेला ट्रेलर. आजचे बरेच ट्रेलर तसे असतात, आणि साडेसहा फुटी हौद्यात साधी, न सरकणारी हिच लावून बहुतेकांचं भागतं. दुसरा, हाताने सरकवायची हिच. कॅम्पवर रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून खटका ओढायचा, पिन मागे सरकते आणि जागा मिळते. अडचण एवढीच की ते आठवावं लागतं. तिसरा, आपोआप सरकणारी हिच, जशी पुलराइटची. ती जड आणि महाग आहे, पण विसराळू माणसासाठी हाच खरा विमा. घेण्याआधी ट्रेलरचा पिन बॉक्स (किंगपिन ज्यात बसवलेली असते तो भाग) तिला चालतो का ते विचारा.

हौद्यात कारखान्यातूनच बसवलेल्या खाचा असतील तर हिच त्यात थेट बसते आणि काढून ठेवली की हौदा पुन्हा मोकळा. नसतील तर रूळ बसवावे लागतात, त्यासाठी हौद्याला भोकं पाडावी लागतात. अँडरसनची अ‍ॅल्युमिनियमची हिच सुमारे ४० पाउंडांची आहे, ती एकट्याला उचलता येते. बाकीच्या पोलादी हिच उचलायला शेजारी लागतो. ट्रेलर हौद्यातल्या गोळ्यावर (त्याला गूजनेक म्हणतात) बसवता यावा म्हणून किंगपिनच्या जागी लावायचे जोड मिळतात, पण त्याने सांगाड्यावर वेगळ्या दिशेने ताण येतो. वॉरंटी टिकेल की जाईल ते ट्रेलर बनवणाऱ्याकडून लेखी घ्या, दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणखी एक माप. हौद्याच्या कडा आणि वर आलेलं नाक यांच्यात किमान साडेपाच-सहा इंच मोकळे हवेत. आजचे ट्रक उंच आहेत. हे अंतर साधायला हिच वर घेतली की ट्रेलर नाक वर करून चालतो आणि त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त भार येतो. ट्रकमागे ट्रेलर सपाट उभा राहतो का, हे दुकानाच्या आवारात जोडून बघा. शब्दावर विश्वास ठेवू नका, टेप लावा.

उंचीची सवय

ट्रॅव्हल ट्रेलर साधारण अकरा फूट उंच असतो. फिफ्थ व्हील साडेबारा ते साडेतेरा फुटांपर्यंत जातो. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅमचा एक रेल्वेपूल ११ फूट ८ इंचांचा होता, ट्रकांची छपरं सोलून काढण्यासाठी प्रसिद्ध. २०१९ मध्ये तो ८ इंचांनी उचलला. म्हणजे आता १२ फूट ४ इंच, आणि फिफ्थ व्हील अजूनही जाणार नाही. छतावरच्या एसीच्या टोकापर्यंतची उंची स्वतः मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, आरव्हीच्या (अशा फिरत्या घरांसाठीच्या) जीपीएसमध्ये घाला. पेट्रोल पंपाचं छत, बँकेची गाडीतूनच व्यवहार करायची खिडकी, झाडाची फांदी. पहिले सहा महिने वर बघायची आठवण मुलांना करायला सांगा. त्यांना आवडतं.

आत काय बदलतं

हा भाग मी आटोपता घेतो, कारण दुकानात सगळे फक्त हाच बघतात. झोपायची खोली नाकात, दोन-तीन पायऱ्या वर, दारासकट. भारतीय स्वयंपाक करणाऱ्यांना हे दार म्हणजे वरदान आहे. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये सकाळच्या फोडणीचा वास रात्री उशीला येतो. पण आई-बाबा महिनाभर राहणार असतील आणि गुडघे दुखत असतील, तर त्या पायऱ्या त्यांना आधी चढून उतरून बघू द्या. मोठ्या फिफ्थ व्हीलना बहुधा ५० अँपिअरची वीज लागते. ३० वर ३,६०० वॉट मिळतात, ५० वर १२,०००, त्यामुळे दोन एसी चालतात. जुन्या स्टेट पार्कांत अनेकदा ३० च असतात, तेव्हा जोड जवळ ठेवा आणि एकच एसी लावा. टाकीत पाणी भरून प्रवास करायची सवय असेल तर लक्षात ठेवा, एक गॅलन म्हणजे ८.३४ पाउंड. ६० गॅलन म्हणजे ५०० पाउंड.

आणि हौदा गेला. सरपण, सायकली, जनरेटर यांना नवी जागा शोधावी लागेल. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक लावण्याआधी तो बंपर त्यासाठी बनवलाय का ते बघा. बऱ्याचदा तो सांडपाण्याची नळी ठेवण्यापुरताच असतो.

जोडणं

गोळ्यावर जीभ बसवणारे हात इथे नवशिके ठरतात. आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून अटकण लावा. मग ट्रकचा फाळका खाली करा. लँडिंग गिअरने, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या पायांनी, ट्रेलरची उंची अशी लावा की पिनभोवतीची चकती हिचच्या पाटापेक्षा अर्धा ते एक इंच खाली असेल. ट्रक मागे घेताना पाटाने ट्रेलरला किंचित उचललं पाहिजे. हे उलटं झालं, म्हणजे ट्रेलर जास्त उंच राहिला, तर पिन जबड्यात न जाता त्याच्या वर टेकते. बघणाऱ्याला सगळं जोडलेलं दिसतं. पहिल्या वळणावर ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो. फिफ्थ व्हीलचे अपघात म्हणून जे फोटो फिरतात, त्यांतले पुष्कळसे असेच असतात.

जबडा उघडा ठेवून, सरळ रेषेत, मुंगीच्या पावलाने मागे या. खट् आवाज येईल, हिचचा दांडा आत जाईल. आवाजावर समाधान मानू नका. उतरा, विजेरी घ्या, आणि जबडा पिनच्या मानेभोवती पूर्ण मिटला आहे, पाट आणि चकती यांत फट नाही, हे डोळ्यांनी बघा. दांड्याची खीळ लावा. दिवे आणि ब्रेकसाठीची सात पिनांची वायर जोडा, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) हिचला नव्हे तर ट्रकला अडकवा.

मग ओढून बघायची परीक्षा. लँडिंग गिअरचे पाय जमिनीला टेकलेले किंवा इंचभरच वर, अटकणी जागेवर, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबलेला. ट्रक हलकेच पुढे घ्या. ट्रकला हिसका बसून तो थांबला तर जोडणी पक्की. पिन सुटली तरी ट्रेलर इंचभरच खाली जाईल. आता पाय वर, फाळका वर, दिवे तपासा, अटकणी काढा. पिनवर वंगणाऐवजी प्लास्टिकची चकती घातलीत तर बायको आणि तुमची पँट दोन्ही खूश राहतील.

सोडताना क्रम उलटा: अटकण, पाय खाली, वायर आणि तार काढा, फाळका खाली, खटका ओढा, पुढे जा. मी तिसऱ्याच सहलीत फाळका विसरलो. ट्रेलरच्या नाकाने त्याला एक घडी पाडली आणि दुरुस्तीचं बिल पाहून मी तो क्रम छापून आरशाला लटकवला. हौद्यातच सात पिनांचं सॉकेट बसवून घेतलंत तर निदान वायर फाळक्यात चिरडत नाही.

रस्त्यावर

सरळ रस्त्यावर पहिल्या दहा मिनिटांत फरक कळतो. ट्रक ओलांडून गेले की एक हलका धक्का, बस. त्याच साउथ डकोटात त्याच वाऱ्यात आम्ही पुन्हा गेलो, बायको झोपली होती. म्हणून वेग वाढवू नका. ट्रेलरच्या अनेक टायरांची कमाल मर्यादा ताशी ६५ मैलच असते, टायरवर वाचून घ्या.

वळणावर मात्र जुनी सवय घात करते. पिन अ‍ॅक्सलवर असल्यामुळे ट्रेलरची चाकं आतला कोपरा जास्त कापतात. उजवीकडे वळताना चौकात नेहमीपेक्षा खोल पुढे जा, मगच चाक फिरवा. वळणाच्या आतल्या बाजूच्या आरशात ट्रेलरचं चाक दिसत राहिलं पाहिजे, फुटपाथची कड चढताना दिसलं तर उशीर झालेला असतो.

रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवा. ज्या बाजूला हात जाईल, त्या बाजूला ट्रेलर. हे जुनंच आहे, गती वेगळी आहे. फिफ्थ व्हील सुरुवातीला ऐकत नाही, मग एकदम ऐकतो. रविवारी रिकाम्या मैदानात चार शंकू लावून दोन तास घालवा.

उतारावर टो-हॉल मोड (ओढताना गिअर खाली ठेवणारी ट्रकची सोय) आणि इंजिनचा ब्रेक. टेनेसीत इंटरस्टेट २४ वरचा माँटीगलचा उतार पहिल्यांदा उतरलो तेव्हा बोरघाटातल्या एसटीवाल्यांची ‘ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा’ ही शिकवण आठवली, आणि तीच कामाला आली. ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरची मात्रा नव्या ट्रेलरसाठी नव्याने लावा. ताशी २५ मैलांवर फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबा. चाकं न घसरता गाडी ठामपणे मंदावली पाहिजे.

काट्यावर

पहिली सहल पूर्ण भरून, पाणी-धान्य-माणसांसकट निघा आणि वाटेत ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर थांबा. पुढचा अ‍ॅक्सल पहिल्या पाटावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. पावती घ्या. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून फक्त ट्रक पुन्हा आणा. दुसऱ्या वजनाचे पैसे कमी लागतात.

आमच्या पावत्या (ट्रेलर तोच, विक्रेत्याने दाखवलेला): जोडून ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल ४,२६०, मागचा ५,७८०, ट्रेलरची चाकं ७,७२०. नुसता ट्रक, आम्हा चौघांसह, ७,९६०. ट्रकचे १०,०४० वजा ७,९६० म्हणजे खरं पिन वेट २,०८०. ट्रेलर एकूण ९,८००. म्हणजे २१ टक्के, माहितीपत्रकाच्या १,५५० पेक्षा ५३० पाउंड जास्त. ट्रकची मर्यादा ११,४००, तेव्हा निभावलं. तुमचे आकडे ट्रकच्या एकूण मर्यादेशीच नाही, मागच्या अ‍ॅक्सलच्या आणि मागच्या टायरांच्या मर्यादेशीही ताडून बघा. मागचा अ‍ॅक्सल सगळ्यात आधी भरतो.

आणि नव्या ट्रेलरच्या चाकांच्या नटा पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांना उतरून पुन्हा आवळा. नवी चाकं बसताना त्या सैल होतात. थांबलात की प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ (हबजवळ) हात नेऊन बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. टॉर्क रेंच मागच्या सीटखाली ठेवा. हौद्यात आता जागा नाही.